युद्धकालीन नेता आणि परकीय वृत्तपत्रे : नानासाहेब पेशवे ते झेलेन्स्की

युद्धकाळात एखाद्या नेत्याची परदेशी वाचकांसमोर उभी राहणारी प्रतिमा त्याच्या कर्तृत्वाइतकीच ती घडविणाऱ्या वृत्तपत्रांच्या गरजांवर अवलंबून असते. २०२२ पासून युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांच्याविषयी पाश्चात्त्य माध्यमांत झालेल्या लेखनाचा विचार करताना मराठी अभ्यासकाला १८५७ मधील नानासाहेब पेशव्यांचे उदाहरण टाळता येत नाही.

सप्टेंबर १८५७ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने नानासाहेबांचे म्हणून छापलेले चित्र वस्तुतः उत्तर हिंदुस्थानातील एका धनाढ्य सावकाराचे होते. चूक पुढे उघडकीस आली, तरी छापलेला चेहरा वाचकांच्या मनातून पुसला जात नाही. कानपूरच्या सतीचौरा घाटावर व बिबीघरात जे घडले त्याची भीषणता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पुराव्याचा आहे. त्याच महिन्यात 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मध्ये कार्ल मार्क्सने दाखवून दिले की, दिल्ली-मीरतच्या अत्याचारांची एक गाजलेली हकीकत हजार मैलांवरील बंगळूरमध्ये बसलेल्या पाद्र्याची होती. १८५८ मध्ये आलेल्या 'टाइम्स'च्या विल्यम हॉवर्ड रसेलनेही बिबीघराच्या भिंतींवरील सूडाला चेतविणारा मजकूर हॅवलॉक आत शिरला तेव्हा तेथे नव्हता, असे नमूद केले.

हाच रसेल त्याआधी क्रिमियन युद्धाचा वार्ताहर होता. पेशव्यांच्या निवृत्तिवेतनाची दाद मागण्यास १८५३ मध्ये लंडनला गेलेला अझीमुल्ला खान परतीच्या प्रवासात क्रिमियात थांबला, आणि तेथे त्याची रसेलशी भेट झाली. २०१४ मध्ये रशियाने बळकावलेली भूमी तीच! म्हणजे बिठूरच्या दरबाराला परकीय पत्रकार अपरिचित नव्हते. अभाव होता तो स्वतःची बाजू छापून आणण्याच्या साधनांचा. एप्रिल १८५९ मध्ये नानासाहेबांनी इश्तिहारनामा पाठवून हत्यांचा आरोप नाकारला, तेव्हा निकाल केव्हाच लागून गेला होता. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' तर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला.

झेलेन्स्कींच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. दूरचित्रवाणीवरील हा अभिनेता २५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीवच्या रस्त्यावरून स्वतःच्या भ्रमणध्वनीवर बोलला. ८ मार्चला ब्रिटिश संसदेपुढे. वर्षअखेरीस 'टाइम' नियतकालिकाने त्यांना वर्षातील व्यक्ती ठरविले. येथे चित्र खरे आहे, पण ते नेत्याने स्वतः पुरविलेले आहे, आणि वार्ताहराची तपासणी त्यामागून रेंगाळत येते. दूरचित्रवाणी वृत्तवाहिन्यांचे एकत्रित प्रसारण, विरोधी पक्षांवरील बंदी या बाबी पहिल्या वर्षी ठळक मथळ्यांत क्वचितच आल्या. युक्रेनवरील आक्रमण अन्याय्य आहे, हे मान्य करूनही ही उणीव उरतेच.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील वाचकापर्यंत हे सारे बहुतांशी पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या बातम्यांच्या भाषांतरातून पोहोचते. १८५७ चे खोटे चित्र वर्गात दाखविणारे प्राध्यापक २०२२ चे छायाचित्र मात्र पुरावा म्हणून दाखवितात, ही विसंगती अभ्यासक्रमांतही शिरली आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांच्याशी उघड खटका उडाला तेव्हा याच नेत्याच्या पोशाखावरही प्रश्न विचारला गेला. तीन वर्षांपूर्वी तोच पोशाख शौर्याचे चिन्ह म्हणून छापला जात होता.