भुतापेक्षा जड ओझे

नारायण धारप (१९२५–२००८) यांची 'शपथ' ही स्टीफन किंगच्या 'इट' (१९८६) या कादंबरीवर बेतलेली. मूळ कादंबरीत छळली गेलेली मुले शपथ घेतात, की ते अमानुष परतले तर आपणही परतायचे. त्यातला बिल धाकट्या भावाला कागदी होडी करून देतो. होडीमागे गेलेला भाऊ मारला जातो. भयाइतकेच ते ओझे बिलला छळते.

लुईस डंकनच्या 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' (१९७३) मध्ये चौघे सायकलवरच्या मुलाला गाडीने उडवतात आणि शपथ घेतात ती गप्प राहण्याची. तिथे भूत नाहीच. तरी आम्हाला तीच शपथ अधिक भयाण वाटते.

मेलेल्याची रूह सूड घ्यायला परतत नाही, हे आम्ही घरातच शिकतो. पण हक्कुल इबादचे काय? ज्याचा अपराध केला त्याने माफ केल्याशिवाय नुसत्या तौबाने सुटका नाही. आणि तो माणूसच हयात नसेल तर? खरे भय इथे सुरू होते.

बाळकुमच्या उंच इमारतींत रात्री जागून अशी पुस्तके वाचणाऱ्या आमच्या मुलांसाठी ही कथा आमच्याच लेखकांनी मराठीत लिहावी.