रक्ताची नोंद आणि रक्ताचे गणित

रक्तासाठी नातेवाइकांची होणारी धावाधाव कमी व्हावी म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ७ एप्रिल २०१६ रोजी 'ई-रक्तकोश' ही संगणकप्रणाली सुरू केली. ती सी-डॅकने तयार केली आहे. राज्य, जिल्हा, रक्तगट व रक्तघटक निवडला की रक्तपेढ्यांतील साठा पडद्यावर दिसतो. नोंद शेवटची केव्हा झाली तेही कळते. सोय मोलाची आहे. पण तिचे मूल्यमापन करताना रक्ताचे विज्ञान विसरून चालणार नाही.

रक्त हे धान्यासारखे साठवून ठेवता येत नाही. सीपीडीए-१ द्रावणातील रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला ३५ दिवस टिकते. प्लेटलेट तर २० ते २४ अंशांना, सतत हलवत ठेवूनही, ५ दिवसच. म्हणून '१२ पिशव्या' एवढ्या आकड्यावरून त्यांतील किती उद्या बाद होणार, किती आधीच एखाद्या रुग्णासाठी जुळवून ठेवल्या आहेत, हे समजत नाही.

आता एक हिशेब करू. समजा, एका गावाला रोज ५ पिशव्या लागतात. एकाच दिवशी शिबिर भरवून ४५० जणांचे रक्त घेतले. ३५ दिवसांत १७५ पिशव्या वापरल्या जातील. उरलेल्या २७५ फेकाव्या लागतील. पुरुष दात्याला पुन्हा रक्त देता येते ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी. म्हणजे पुढचे किमान ५५ दिवस टंचाई! त्याऐवजी याच ४५० जणांना, ते सारे पुरुष आहेत असे धरून, रोज ५ याप्रमाणे बोलावले तर ९० दिवसांनी पहिल्यांची पाळी पुन्हा येते. टंचाई नाही, नासाडीही नाही. (तपासणीत बाद होणाऱ्या पिशव्या येथे सोडून दिल्या आहेत.)

शिबिरांची माहितीही या प्रणालीत मिळते. पण शिबिराची तारीख बहुधा जयंती किंवा वाढदिवस पाहून ठरते. मग मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्त कमी पडते. हा दोष संगणकाचा नाही, आपल्या नियोजनाचा आहे. साठ्याच्या यादीइतकीच दात्यांच्या पाळीची यादी महत्त्वाची मानली पाहिजे. १९५२ साली डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या रुग्णाला त्याच गटाचे रक्त चालते. तेथे पेढीतील साठ्यापेक्षा दात्याचा पत्ताच जीव वाचवतो. अर्थात तो पत्ता गुप्त राखणे हीही प्रणालीची जबाबदारी आहे.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना रक्तदान करता येत नाही, पण वरील हिशेब करता येतो. रोजची गरज, दात्यांची संख्या बदलून तो वर्गात करून पाहावा. पुढच्या शिबिराची तारीख ठरवणाऱ्या मंडळींनाही तो दाखवावा.