‘चिंडिया’ संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना : जयराम रमेश यांचा ‘मेकिंग सेन्स ऑफ चिंडिया’ हा लेखसंग्रह २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत व चीन यांच्या इंग्रजी नावांच्या संयोगातून त्यांनी घडविलेला ‘चिंडिया’ हा शब्द त्या दशकातील आशावादाचे प्रतीक ठरला. चीनचा विचार केवळ १९६२ च्या पराभवाच्या संदर्भात होऊ नये, हा त्यामागील आग्रह मोलाचा होता. मात्र दोन दशकांनंतर या संकल्पनेची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

आशावादाचा आधार : हा आशावाद निराधार नव्हता. राजीव गांधी यांच्या १९८८ मधील चीन भेटीने सीमाप्रश्न न सुटताही अन्य संबंध वाढविण्याचे धोरण रूढ केले. १९९३ व १९९६ चे करार आणि २००५ मधील मार्गदर्शक तत्त्वे त्याचीच फलिते होत. २००६ मध्ये नथू ला खिंड व्यापारासाठी पुन्हा खुली झाली.

संकल्पनेच्या मर्यादा : चीनचे वस्तुउत्पादन व भारताचे सेवाक्षेत्र परस्परपूरक ठरेल, असे तेव्हा सर्रास मानले जाई. प्रत्यक्षात पूरकतेतून परावलंबन निर्माण झाले. २०२४-२५ मध्ये भारताने चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरची आयात केली. निर्यात मात्र सुमारे १४ अब्ज डॉलरचीच होती. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग व औषधांचा कच्चा माल यांबाबत हे परावलंबन विशेष तीव्र आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. १९९३ च्या कराराने प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवरील वर्तनाचे नियम ठरविले. परंतु ती रेषा नेमकी कोठे आहे, यावर एकमत झाले नाही. नकाशांची देवाणघेवाण मध्य विभागापुरतीच झाली. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आले, तेव्हा या उणिवेची किंमत स्पष्ट झाली. वाढता व्यापार हा संघर्ष टाळू शकला नाही; संघर्षानंतर आयातही घटली नाही.

निष्कर्ष : ऑक्टोबर २०२४ मधील गस्तीविषयक समझोता व ऑगस्ट २०२५ मधील पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची त्यांजिन भेट यांतून संवाद पुन्हा सुरू झाला. तथापि सहकार्य व स्पर्धा या एकामागून एक येणाऱ्या अवस्था नसून त्या एकाच वेळी नांदतात, हे ‘चिंडिया’ या जोडशब्दात झाकले जाते. रेषेची निश्चिती आणि देशांतर्गत उत्पादनक्षमता यांची जोड नसल्यास सहकार्याची भाषा दुर्बल पक्षालाच महाग पडते.