गुप्तता आणि ओळख : सांकेतिक संपर्काच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

संगणकशास्त्रातील 'एन्क्रिप्शन' या संज्ञेसाठी मराठीत कूटलेखन, कूटबद्धता, सांकेतिकीकरण असे अनेक पर्याय वापरात आले आहेत. पर्याय अनेक असावेत याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही. नव्या विद्येच्या परिभाषेची घडण अशीच होत असते. विचार करावयाचा तो निराळ्या गोष्टीचा. हे सर्व शब्द 'लपविणे' या एकाच अर्थाभोवती फिरतात, आणि त्यामुळे मराठीतून हा विषय शिकणाऱ्याच्या मनात संपर्क गुप्त झाला की तो सुरक्षित झाला, अशी समजूत रुजते. डेटाबेस सर्व्हरशी संपर्क जोडण्याच्या प्रत्यक्ष कामात ही समजूत घातक ठरते.

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, मराठवाड्यातील बोलींचा शब्दसंग्रह नांदेड येथील एका डेटाबेस सर्व्हरवर ठेविला आहे आणि लातूर येथील अभ्यासक त्यात रोज नोंदी करीत आहेत. नोंदींत शब्दांबरोबर निवेदकांची नावे, गावे, वये व जातिविषयक माहितीही आहे. या दोन स्थळांमधील संपर्काकडून तीन अपेक्षा असतात. वाटेत कोणी मजकूर वाचू नये, ही गुप्तता. वाटेत कोणी तो बदलू नये, ही अखंडता. आणि पलीकडून उत्तर देणारे यंत्र खरोखर नांदेडचेच असावे, ही ओळख. 'कूटलेखन' हा शब्द पहिली अपेक्षा उत्तम सांगतो, दुसरी अस्फुटपणे सुचवितो, तिसरीविषयी मात्र मौन पाळतो.

'पोस्टग्रेस' या डेटाबेस-प्रणालीने हा भेद पायऱ्यापायऱ्यांनी मांडला आहे. संपर्क मागणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर 'प्रिफर' ही पायरी गृहीत धरली जाते. म्हणजे सांकेतिक संपर्क जमला तर ठीक, न जमल्यास उघडा. 'रिक्वायर' या पायरीवर संपर्क सांकेतिक असलाच पाहिजे. परंतु मूळ प्रमाणसंस्थेचे प्रमाणपत्र जवळ ठेविलेले नसेल, तर समोरचा कोण याची चौकशी होत नाही. 'व्हेरिफाय-सीए' पायरीवर प्रमाणपत्र विश्वसनीय संस्थेने दिले आहे काय हे तपासले जाते, आणि 'व्हेरिफाय-फुल' पायरीवर प्रमाणपत्रावरील नाव व ज्या नावाने संपर्क मागितला ते नाव एकच आहे काय हेही पाहिले जाते. दुसऱ्या पायरीवर थांबलेला लातूरचा अभ्यासक एखाद्या तोतयाशीही पूर्ण गुप्ततेने बोलू शकेल. तेथे गुप्तता अबाधित राहते, विश्वासाचा मात्र घात होतो. सर्व्हरच्या बाजूसही असेच आहे. प्रवेशनियमांत 'होस्ट' लिहिल्यास उघडे व सांकेतिक असे दोन्ही संपर्क स्वीकारले जातात. 'होस्टएसएसएल' लिहिल्यावरच त्या नियमाने उघड्यास प्रवेश मिळत नाही.

दोषनिवारणाच्या वेळी परिभाषेतील ही उणीव अधिकच जाणवते. संपर्क जुळत नाही तेव्हा कारणे बहुधा मोजकी असतात. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. ते देणारी संस्था लातूरच्या यंत्रास अपरिचित असते. प्रमाणपत्रात सर्व्हरचे नाव असते, पण संपर्क केवळ अंकी पत्त्याने मागितलेला असतो. अथवा यंत्राचे घड्याळच चुकलेले असते. उपायही तितकेच नेमके आहेत : प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे, मूळ प्रमाणपत्र लातूरच्या यंत्रावर बसवावे, योग्य नावाने संपर्क मागावा, घड्याळ लावावे. परंतु 'लपविणे' एवढाच अर्थ मनात असलेल्यास ही तपासणी निष्कारण अडथळा वाटते. तो एक पायरी खाली उतरतो, तक्रार थांबते आणि काम झाले असे मानतो. वस्तुतः येथे दोष दूर झालेला नसतो. दोष सांगणाऱ्याचे तोंड बंद झालेले असते.

या संदर्भात महानुभावांच्या सांकेतिक लिपींचा दाखला नेहमी दिला जातो. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या पंथाचे एक श्रद्धास्थान असल्यामुळे तो मराठवाड्यास परकाही नाही. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी लिपींत लिहिले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत ते अभ्यासकांस जवळजवळ बंदच होते. परंतु या लिपी म्हणजे आधुनिक सांकेतिक संपर्काचे पूर्वरूप, हे विधान अर्धेच खरे आहे. सकळ लिपीत अक्षरांसाठी ठराविक खुणा योजिलेल्या होत्या, म्हणजे किल्ली कायमची एक. ती हाती येताच त्या लिपीतील सर्व पोथ्या वाचनीय झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'टीएलएस १.३' या संकेतात प्रत्येक संपर्कासाठी नवी किल्ली ठरविण्यावर भर आहे. शिवाय लिपीने पोथी परक्यापासून राखली, तरी लेखकाच्या हातून होणारे पाठभेद तिला टाळता आले नाहीत. पोथी देणारा कोण, घेणारा कोण, हे तर गुरुपरंपरेनेच ठरत असे. ओळखीचे काम लिपीचे नव्हते. ते परंपरेचे होते. आज ती जागा प्रमाणपत्राने घेतली आहे.

आता 'प्रमाणपत्र' हा शब्दही पाहावा. मराठी व्यवहारात प्रमाणपत्र ही मिळविण्याची, जोडण्याची व फाइलीत ठेवण्याची वस्तू आहे. त्यामुळे सर्व्हरवर ते बसविले की कर्तव्य संपले असे वाटते. पण सांकेतिक संपर्कात ते पाहणाऱ्याने पारखले नाही, तर त्याचे असणे व नसणे सारखेच. 'ऑथेंटिकेशन'साठी योजिलेला 'अधिप्रमाणन' हा शब्द शास्त्रशुद्ध असला, तरी कोणी, कोणाला, कशावरून ओळखावयाचे, हे त्यातून सामान्य वाचकाच्या ध्यानी येत नाही.

वास्तविक या क्रियेसाठी मराठीत 'खूण पटणे' हा जिवंत प्रयोग आहे. अशोकवनात मारुती आला तेव्हा सीतेस तो रावणाचाच मायावी अवतार वाटला, आणि तिचा संशय रास्त होता. कारण तिच्यावरील संकट भिक्षूचा वेष घेतलेल्यामुळेच ओढवले होते. रामनामांकित मुद्रिकेने तिची खूण पटली. केवळ कानात हळू बोलल्याने ती पटली नसती. 'खूण पटणे' या प्रयोगात देणारा, घेणारा, खूण आणि पारख ही चारही अंगे आहेत. यावरून संपर्काच्या वरच्या पायरीस 'खूणपडताळणीचा कूटसंपर्क' व खालच्या पायरीस 'बिनखुणेचा कूटसंपर्क' असे म्हणता येईल. पहिले नाव थोडे लांब आहे, हा आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु दुसरे नाव उच्चारताच त्यातील धोका ऐकणाऱ्याच्या ध्यानी येतो, आणि ज्या निवेदकांनी विश्वासाने आपली नावे व आपले शब्द दिले, त्यांच्यासाठी एवढी सावधगिरी परिभाषेने शिकविलीच पाहिजे.