संगणकातली पेटी आणि आत्याचा गंधार

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड हे माझे गाव. संशोधनाच्या नोकरीमुळे आता सणावारालाच तिकडे जाणे होते. मागच्या खेपेला तिथल्या एका शाळेत संगीत शिकवणारे गुरुजी भेटायला आले. शाळेच्या पेटीचा भाता फाटला होता, तबल्याची शाई उडाली होती, पण शाळेला संगणक मात्र मिळाला होता. स्नेहसंमेलनाची गाणी त्यावरच बसवावीत आणि ध्वनिमुद्रितही करावीत असा त्यांचा विचार होता. हातात जाहिरातीचा एक छापील कागद होता : इतके हजार आवाज, इतकी शे वाद्ये, नवी आवृत्ती घेणाऱ्यांना सवलत. गुरुजींनी विचारले, "सर, यातले कोणते घेऊ? आणि माझ्याकडे घरी एक जुने आहे, त्याची नवी आवृत्ती घ्यावी का?"

वाद्यांचे आवाज काढणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला 'आभासी वाद्य' म्हणतात. गुरुजींना उत्तर देण्याआधी मी त्यांना माझी एक चूक सांगितली. तीच इथे आधी सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी माझ्या आत्याचे अभंग ध्वनिमुद्रित केले. ती एकतारीवर म्हणत असे. नुसता आवाज ओकाबोका वाटला म्हणून मी मागाहून संगणकातली पेटी त्याला जोडली. पेटी आणि आत्या काही जुळेनात. गंधारावर आले की दोघांत खडखड व्हायची. मी विज्ञानाचा माणूस. यंत्र चुकणार नाही असे धरून चाललो. सॉफ्टवेअरमध्ये सूर 'दुरुस्त' करण्याची सोय होती, ती वापरली. खडखड गेली. घरच्यांनी वाहवा केली. आत्याने ऐकले आणि म्हणाली, "आवाज माजाच हाय, पर म्हननं माजं न्हाई."

ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. मागच्या वर्षी ते काम पुन्हा उघडायला गेलो, तर उघडेना. पेटीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने ते बंद केले होते आणि नव्या संगणकावर त्याची परवानगी मिळण्याची सोयच उरली नव्हती. उरला होता तो फक्त आत्याचा मूळ आवाज, साध्या वेव्ह फाइलमध्ये. निरुपायाने तोच ऐकला आणि मग मोजला. लांबवलेल्या जागी तिचा गंधार एकतारीच्या षड्जाच्या हिशेबाने पेटीच्या गंधाराहून बहुतेक वेळा थोडा उतरता होता. हा 'थोडा' किती, यातच सगळे आले.

चौदा सेंटांचा हिशेब

षड्ज २४० हर्ट्झ धरू. ताणलेली तार छेडली की २४० बरोबर तिच्या पटीतले उपस्वरही वाजतात : ४८०, ७२०, ९६०, १२००. यातला पाचवा, १२०० हर्ट्झचा, हाच चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार. तो दोन सप्तके खाली आणला, म्हणजे चाराने भागला, की ३०० हर्ट्झ मिळतात. षड्ज-गंधाराचे गुणोत्तर ५/४.

पेटीचा हिशेब वेगळा आहे. तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. प्रत्येक पायरीला २ चे बारावे मूळ, म्हणजे १.०५९५ ने गुणायचे. शुद्ध गंधार चौथ्या पायरीवर येतो : ३०२.४ हर्ट्झ. फरक फक्त २.४ हर्ट्झचा. संगीताच्या मापात सप्तकाचे १२०० सेंट करतात. त्या मापाने पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा आहे.

एवढ्याने काय होते? षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्झवर आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला नऊ-दहा विस्पंद. हीच ती खडखड. पंचमाला मात्र असा त्रास होत नाही. ५/४ च्या जागी ३/२ घेऊन हिशेब केला तर पंचम ३६० यायला हवा, पेटीचा ३५९.६ येतो, आणि विस्पंद सेकंदाला एकाहूनही कमी.

म्हणजे आत्या आपल्या एकतारीला धरून होती आणि मी तिला बारा सारख्या खणांतल्या एका खणात कोंबले होते. एका गाणाऱ्या बाईच्या काही सुरांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण 'यंत्र बरोबर, माणूस चूक' हा माझा सिद्धांत तर त्याहूनही कमी पुराव्यावर उभा होता.

या सूर-दुरुस्तीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. या जातीचे सर्वांत गाजलेले सॉफ्टवेअर 'ऑटो-ट्यून' १९९७ साली आले. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड हे आधी तेलसाठे शोधण्यासाठी भूगर्भातून परत येणाऱ्या लहरींचे विश्लेषण करत. लहर स्वतःशीच ताडून पाहायची आणि तिची आवर्तने ओळखायची, हे तंत्र त्यांनी आवाजाला लावले. तंत्र उत्तम आहे. ते सूर ओळखते. पण तो कुठे असायला हवा हे त्याला आपण सांगावे लागते. आपण काही सांगितले नाही, तर ते सहसा बारा सारख्या पायऱ्या धरते. मी काही सांगितले नव्हते.

सांगलीचा जुना प्रश्न

हा वाद संगणकाने आणलेला नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या मोजमापावरचे आपले इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. गाणारा प्रत्यक्ष काय गातो हे मोजण्यात त्यांना अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य होते. देवल आणि त्यांचे सहकारी, मुलकी सेवेतले इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटीही पुढे आणली. तिच्यावर त्या काळी कडाक्याचे वाद झाले आणि तिचा प्रसार झाला नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे टिकली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी घडवली, म्हणजे प्रश्न अजून जिवंत आहे.

पेटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सारख्या पायऱ्यांमुळे काळी एक, काळी चार, पांढरी पाच, कोणत्याही पट्टीत तीच पेटी चालते. शुद्ध गुणोत्तरांनी लावलेली पेटी षड्ज बदलला की बेसूर होते. साठ मुलांच्या वर्गात ही अडचण खरी आहे. देवलांच्या काळी तिच्यावर दोनच उपाय होते : पितळी पत्ती घासून सूर हलवायचा, नाहीतर पट्ट्या वाढवायच्या.

संगणकातल्या पेटीला पत्तीच नाही. तिचा सूर म्हणजे एक आकडा, आणि तो क्षणात बदलता येतो. शंभर वर्षांपूर्वीची अडचण ज्या यंत्रात सहज सुटू शकते, ते यंत्र बाजारात येते ते जुनीच चूक घेऊन, वर हजार आवाजांची भर घालून. आभासी वाद्यांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

तीन वाद्ये, तीन कसोट्या

पेटी निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारीन : स्वरांची गुणोत्तरे मला लिहिता येतात का? अनेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'स्काला' पद्धतीची फाइल चालते. साध्या मजकुरात ९/८, ५/४, ४/३, ३/२ अशी गुणोत्तरे ओळीने लिहायची आणि षड्ज कोणत्या पट्टीवर ते सांगायचे. 'सर्ज एक्सटी' हे मुक्त-स्रोत वाद्य मोफत असून त्यात ही सोय आहे. त्याचा आवाज हुबेहूब पेटीचा नाही. पण सूर शिकवायला पेटीच्या रंगापेक्षा गंधाराची जागा महत्त्वाची. जाहिरातीतल्या महागड्या वाद्यात ही सोय नसेल, तर ते शाळेसाठी निरुपयोगी समजावे.

तंबोऱ्याची कसोटी वेगळी. घोडीवरच्या जव्हारीमुळे तार कंप पावताना घोडीला सारखी लागत-सुटत राहते, आणि म्हणून उपस्वरांचा जोर क्षणोक्षणी बदलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवले की, एरवी ज्या बिंदूवर तार छेडली असता काही उपस्वर उमटू नयेत, तिथे छेडूनही तंबोऱ्यात ते उमटतात. ही हलती झिलई हाच तंबोऱ्याचा जीव. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हा ती साधणे अवघड होते. आता मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाजही मुद्रित करून संगणकात ठेवता येतो. पण जागा वाचवण्यासाठी त्याचा छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला, तर झिलई गिरणीच्या पट्ट्यासारखी ठरावीक सेकंदांनी परत येते. म्हणून विकत घेण्याआधी पाच मिनिटे डोळे मिटून ऐकावे. पुनरावृत्ती ओळखू आली, तर ते वाद्य सोडून द्यावे.

तबल्याबाबत मात्र मी फारशी शिफारस करणार नाही. तबल्याचा 'ना' वा 'तिं' सुट्टा मुद्रित करता येतो. पण डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घिस्सी हा ठिपका नाही, ती रेघ आहे. सुटे ठिपके जोडून रेघ होत नाही. शिवाय एकच मुद्रित 'ना' सलग आठदा वाजला की कानाला लगेच कळते. यापेक्षा वेगळा विचार १९८० च्या दशकाच्या आरंभी झाला होता. जेम्स किपेन हे लखनौच्या उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत. त्यांनी आणि बर्नार्ड बेल यांनी 'बोल प्रोसेसर' रचले. आवाज किती आहेत हे न विचारता, कायद्याचा विस्तार करताना तबलजी कोणते नियम पाळतो, हे त्यांनी विचारले. ते सॉफ्टवेअर आज मुक्त-स्रोत रूपात चालू आहे. त्या काळच्या किती चकचकीत वस्तूंबद्दल असे म्हणता येईल?

नवी आवृत्ती कधी?

नव्या आवृत्तीची गरज दोनच वेळा पडते : जुन्यात एखादे नेमके काम होत नाही तेव्हा, किंवा संगणकाची मूळ प्रणालीच बदलते तेव्हा. दुसरे कारण आपल्या हातात नसते. ॲपलने २०१९ मध्ये ३२-बिटांची सॉफ्टवेअर चालवणे बंद केले, तेव्हा अनेकांची जुनी वाद्ये मुकी झाली. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. शाळांतल्या जुन्या संगणकांना हा प्रश्न आहेच.

कित्येकदा दोष सॉफ्टवेअरचा नसतोच. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो अशी तक्रार घेऊन लोक नवी आवृत्ती आणतात. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्याने पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील आणि गठ्ठा १०२४ चा असेल, तर एका गठ्ठ्यामागे २३ मिलिसेकंद उशीर. म्हणजे आठ मीटर दूर बसलेल्या साथीदाराला ऐकण्यासारखे. गठ्ठा २५६ चा केला की उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत. संगणकाला तो वेग झेपला, तर एक पैसाही खर्च होत नाही.

माझ्या फजितीतून एक नियम मात्र पक्का झाला. काम कोणत्याही सॉफ्टवेअरात करा, पण प्रत्येक आवाज, वाद्याचासुद्धा, वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. आणि मूळ मुद्रण कधीही 'दुरुस्त' करून त्यावरच साठवू नका.

वर्गात करून पाहा

'ऑडॅसिटी' हे ध्वनिमुद्रणाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात आवाज निर्माण करण्याच्या सोयीतून करवतीच्या आकाराची लहर निवडा आणि २४० हर्ट्झचा षड्ज तयार करा. तीव्रता ०.३ ठेवा. दुसऱ्या पट्टीत ३०० हर्ट्झ, तिसरीत ३०२.४ हर्ट्झ. आधी पहिली व दुसरी एकत्र वाजवा, मग पहिली व तिसरी. कोणता गंधार कोणता हे मुलांना सांगू नका. फक्त विचारा, 'कोणता स्थिर वाटतो?' मग साधी लहर घेऊन हाच प्रयोग करा. तिला उपस्वर नसतात, म्हणून ती खडखड जवळजवळ नाहीशी होते. का, हे दहावीच्या मुलांना गणिताने सांगता आले पाहिजे.

गुरुजींना मी हेच करून दाखवले. त्यांनी जाहिरातीच्या कागदाच्या पाठीवर गुणोत्तरे उतरवून घेतली. घरचे जुने सॉफ्टवेअर तसेच ठेवायचे, मोफत मिळते ते आणायचे आणि वाचलेल्या पैशांतून आधी भाता शिवून, तबल्याला शाई घालून आणायची, असे ठरले. मुलांना हात चालवायला खरे वाद्य हवेच. आत्या आता नाही. तिच्या अभंगाची न दुरुस्त केलेली फाइल मी गुरुजींना दिली आहे. प्रयोगानंतर ते ती वर्गात लावणार आहेत. आपल्या वर्गातल्या मुलांनी कोणता गंधार निवडला, ते अवश्य कळवा.