शार्ङ्गधराची निवळी

दशमूलारिष्टाचा पाठ शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात, दहाव्या अध्यायात येतो. दशमुळांचा काढा, द्राक्षांचा काढा, ३२ पळे मध, ४०० पळे गूळ, ३० पळे धायटीची फुले, वर सुगंधी द्रव्यांची लांबलचक रांग. सगळे भांड्यात भरायचे आणि भांडे जमिनीत पुरायचे. शेवटी, अर्ध्या श्लोकात, निवळीचे फळ टाकून रस निर्मळ करायला सांगितले आहे. अख्ख्या पाठातली मला सर्वांत देखणी वाटते ती ही जागा.

तिचे सौंदर्य क्रमात आहे. आधी रस सिद्ध होऊ द्यायचा, निवळी त्यानंतर. आंबणे चालू असताना वायूचे बुडबुडे वर येत राहतात आणि बसू पाहणारा साका पुन्हा उचलतात. तेव्हा टाकलेली निवळी फुकट जाते. म्हणून वैद्य भांड्याला कान लावतात. आतली चुरचुर थांबली की तोंडाशी पेटती वात धरायची. वात विझली तर कर्बवायू अजून सुटतो आहे; तेवत राहिली तर रस तयार.

भंडाऱ्याकडच्या वाचकाला यातले बरेचसे सामान ओळखीचे वाटेल. पूर्व विदर्भाच्या पानगळीच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटीची झुडपे लाल होतात. फुलांबरोबर रानातले किण्व भांड्यात येते आणि तुरटपणाही येतो. हा तुरट अंश काढ्यातल्या प्रथिनांना धरून तळाशी नेतो, म्हणजे निवळीच्या आधीच निम्मे काम फुलांनी सुरू केलेले असते. पुरायला जमीन नसेल तर जुने ग्रंथ धान्याची रासही चालवून घेतात, आणि धानाच्या या जिल्ह्यात राशीला काय तोटा! हेतू एकच, उष्णता स्थिर राहावी. मे महिन्यातले भंडाऱ्याचे ऊन भांड्याला लागले तर साका दिवसभर खालीवर होत राहील. भंडारा पितळेचे गाव खरे, पण या कामाला पितळ अजिबात नको. आंबट रस तांबे-जस्त खातो. मातीचे भांडे किंवा चिनी मातीची बरणीच घ्यावी.

आता निवळीकडे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त हेच फळ गढूळ पाण्यासाठी घासले जाते. शार्ङ्गधर नुसते 'टाकून' म्हणतो. माझ्या मते त्याने घासणे गृहीत धरले आहे. बी टणक असते. सहाणेवर थोड्या पाण्यात उगाळले की पांढुरकी, बुळबुळीत उटी उतरते. तिच्यातल्या शर्करांच्या आणि प्रथिनांच्या लांब साखळ्या तरंगणारे बारीक कण एकमेकांत गुंतवतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली जातात. बोर्दोचे वाइनवाले अंड्याचा पांढरा बलक वापरतात तो याच कामासाठी. निवळी मला त्याहून आवडते, कारण ती शाकाहारी औषधात निःशंक घालता येते.

उटी घातल्यावर भांडे हलवायचे नाही. वरचा निवळ रस नळीने काढायचा, नळीचे टोक साक्याच्या दोन बोटे वर ठेवून. बरेच जण घाईने फडक्यातून गाळतात. फडके किण्वाचे सूक्ष्म कण अडवत नाही, उलट रसाला भरपूर हवा लागते आणि आसवाचा शिरका व्हायची वाट मोकळी होते. शेवटचे दोन पेले साक्यासकट सोडून द्यावेत. त्यांचा लोभ धरला की वरची सगळी मेहनत गढूळ होते.

मोहाच्या दारूला हा प्रश्न पडत नाही. ती गाळताना वाफच तेवढी पुढे जाते आणि मळी हंडीत राहते. पण मोहाचे आसवही आहे: चरकाच्या ग्रहणीचिकित्सेतले मधूकासव. मोहफुले, वावडिंग, चित्रक आणि इतर द्रव्ये तीन द्रोण पाण्यात एक द्रोण उरेपर्यंत आटवायची, गार झाल्यावर मध घालायचा, आणि वेलची, वाळा, अगरू, चंदनाने माखलेल्या घड्यात महिनाभर ठेवायचे. तिथे निवळीचे नावही नाही. शार्ङ्गधराची ओळ मनात पक्की बसल्यावर ही उणीव आधी खटकते. पण चरकाने काढा आधीच एक-तृतीयांशावर आणला आहे आणि वर महिना दिला आहे. तेवढ्यात साका आपणहून बसावा. दशमूलारिष्टात चारशे पळे गूळ आणि द्रव्यांची गर्दी आहे, म्हणून तिथे निवळी हवीच. मधूकासवाला मी ती लावणार नाही.