हद्दीची भाषा, शेजाराची भाषा

मराठीत 'सीमाप्रश्न' म्हटले की बेळगाव डोळ्यांपुढे येते. महाजन आयोग, ८६५ गावे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, मोर्चे, ठराव. या विषयावर मराठीत भरपूर लिहिले गेले आणि त्यामागची वेदना खरी आहे. पण नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांनाही हद्द आहे. लातूरची कर्नाटकाशी, नांदेडची कर्नाटक आणि तेलंगण या दोघांशी. या हद्दीवर फारसे लेखन माझ्या वाचनात आलेले नाही. जिथे दावा गाजत नाही तिथे प्रश्नही नाही, असे आपण धरून चाललो.

मी वकील नाही, जलतज्ज्ञही नाही. हद्दीचे कायदे, करार आणि निवाडे मी एखादे पुस्तक वाचावे तसे वाचतो. त्यात बोलतो कोण, कोणाविषयी बोलतो आणि गप्प कोण आहे, एवढेच पाहतो. प्रस्तुत लेखात अशा काही कागदांची समीक्षा करायची आहे. तुलनेला ऱ्हाइन आणि सार नद्यांच्या काठचे फ्रेंच-जर्मन कागद घेतले आहेत. त्यांचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. दुसऱ्याचा कागद शेजारी ठेवला की आपल्या कागदात काय नाही ते लवकर दिसते, इतकेच.

१. एकाच हंगामातले कागद

१९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा १ नोव्हेंबरला अमलात आला. त्यातले आठवे कलम आमच्या भागाचे वाटणीपत्रच आहे. औरंगाबाद, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्याला. बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याला. नांदेड जिल्हाही तिकडेच, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले वगळून. उलट बाजूने आदिलाबादचा किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल इकडे.

तलाठ्याने शेताचे पोटहिस्से पाडावेत अशी ही भाषा आहे. तिच्यात चूक नाही. वाटणीपत्र असेच असते. बिचकुंदा देगलूरपासून तुटले, भैंसा नांदेडपासून तुटले, उदगीर बिदरपासून सुटले. कोणता तुकडा कोणाकडे, हे कलम अचूक सांगते. तुटलेल्या तुकड्यांनी पुढे एकमेकांशी कसे वागावे, हे त्या कलमात नाही.

याच दिवसांत युरोपातही असाच एक कागद तयार होत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाने समृद्ध असलेला सार प्रदेश फ्रान्सच्या आर्थिक कक्षेत होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये तिथल्या मतदारांनी वेगळ्या युरोपीय दर्जाचा प्रस्ताव नाकारला आणि जर्मनीकडे जाण्याचा रस्ता मोकळा झाला. २७ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे आमच्या पुनर्रचनेच्या अवघे पाच दिवस आधी, लक्झेंबर्गमध्ये त्या हस्तांतराच्या करारावर सह्या झाल्या. त्याच दिवशी तिथे आणखी एक करार झाला. मोझेल नदी मोठ्या बोटींच्या वाहतुकीसाठी खोल करायची. लॉरेनमधल्या पोलाद कारखान्यांची ती गरज होती आणि सार परत मिळवताना जर्मनीने ती मान्य केली. तिथे हद्द आणि नदी यांचा निर्णय एकाच बैठकीत झाला.

आमच्या संसदेला हे सुचलेच नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. १९५६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातच नद्यांविषयी दोन कायदे झाले. एक आंतरराज्य जलविवाद कायदा, दुसरा नदी मंडळ कायदा. पहिला भांडण झाल्यावर वापरायचा. दुसरा भांडण होऊ नये म्हणून, एका खोऱ्यातल्या राज्यांनी मिळून नियोजन करावे यासाठी. पहिल्यातून लवाद निघाले. दुसऱ्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झालेले नाही.

पुनर्रचना कायद्यातच विभागीय परिषदांचीही तरतूद आहे. सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूक हे विषय त्यांच्याकडे स्पष्ट शब्दांत दिले आहेत. पण आजच्या रचनेत महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, गुजरात आणि गोव्यासोबत बसतो. तेलंगण आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हणजे देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, देवणी, निलंगा हा पट्टा नेमका दोन परिषदांच्या मधल्या फटीत पडला आहे. दोन परिषदांनी एकत्र बसण्याची मुभा कायदा देतो, पण नेहमीच्या बैठकीत बिदर आणि उदगीर एका टेबलावर येत नाहीत.

शेजाराची भाषा आपल्याला परकी नव्हती, हे यावरून दिसते. आपल्याच कायद्यात तिची पाने होती. ती कोरी राहिली.

२. दारांच्या तारखा

मांजरा नदीला ही हद्द कळत नाही. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते, लातूरकडून बिदरला जाते, तेलंगणात शिरते, निजामसागरात थांबते आणि पुन्हा वळून नांदेडच्या हद्दीला लागून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. १९३१ मध्ये निजामसागर पूर्ण झाले तेव्हा हा सारा प्रवाह एकाच राज्यातून वाहत होता. १९५६ नंतर तोच प्रवाह तीन राज्यांच्या हिशेबात आला.

गोदावरी लवादापुढे प्रकरण चालू असतानाच ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी आपसात करार केला. पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर या धरणांच्या खाली, पोचमपाड धरणापर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी वापरावे, असे ठरले. लवादाच्या १९८० च्या अंतिम निवाड्यात तो करार सामावला गेला. न्यायालयाने सांगण्याआधी दोन शेजाऱ्यांनी आपापसात मिटवले, असा हा दुर्मीळ कागद आहे. त्याचे श्रेय आपण पुरेसे दिलेले नाही.

पुढे धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आला, तोही पोचमपाडच्या फुगवट्याच्या क्षेत्रात. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले आणि धर्माबादेत त्यांना अटक झाली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. बंधारा राहील, साठा २.७४ टीएमसीच्या वर जाणार नाही, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे वर राहतील, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. देखरेखीला तीन जणांची समिती: केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधी.

हा निकाल मी अनेकदा वाचला. त्यात एक चांगली गोष्ट आहे आणि ती आपण पाहत नाही. तेव्हापासून दरवर्षी १ जुलैला दोन्हीकडचे अभियंते बंधाऱ्यावर येतात आणि एकमेकांसमोर दारे उचलतात. या हद्दीवर नेमाने पाळला जाणारा सहकार्याचा असा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही. पण त्याचे पात्र मर्यादित आहे. निकालाला दारे, तारखा आणि टीएमसी कळतात. भर पावसाळ्यात दारे वर आणि पूर ओसरल्यावर खाली, मग बंधारा भरणार कधी, हा धर्माबादच्या शेतकऱ्याचा प्रश्न मांडायला समितीत खुर्ची नाही. खालच्या अंगाला पोचमपाडवर विसंबलेल्या शेतकऱ्यालाही नाही. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प तर दोन राज्यांचा सामाईक. पाणी आणि खर्च दोघांत वाटून घ्यायचे ठरले आणि काम दशकानुदशके रखडले. बुडणाऱ्या गावांचे पुनर्वसन मात्र कायम एका बाजूचेच काम राहिले.

३. केल आणि स्ट्रासबुर्ग

आता ऱ्हाइनकडे पाहू. अल्सेस प्रांत १८७१, १९१८, १९४० आणि १९४५ असा चार वेळा हातबदल झाला. तिथले वैर आमच्या कोणत्याही पाणीतंट्यापेक्षा कितीतरी रक्तरंजित. १९६३ चा एलिझे करार राष्ट्रप्रमुखांचा होता आणि प्रसिद्धी त्यालाच मिळाली. मला महत्त्वाचा वाटतो तो २३ जानेवारी १९९६ चा कार्ल्सरुह करार. फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांनी त्यात हद्दीलगतच्या नगरपालिकांना परस्परांशी थेट करार करण्याचा आणि संयुक्त संस्था उभारण्याचा अधिकार दिला. राजधानीने सहीची लेखणी गावाच्या हाती दिली.

त्यातून पुढच्या गोष्टी घडल्या. २००५ मध्ये स्ट्रासबुर्ग आणि पलीकडचा ओर्टेनाउ जिल्हा यांचा 'युरोडिस्ट्रिक्ट' झाला आणि २०१० मध्ये त्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये स्ट्रासबुर्गची ट्राम नदी ओलांडून जर्मनीतल्या केल गावात गेली. २२ जानेवारी २०१९ चा आखेन करार आणखी पुढे गेला. हद्दीवरच्या कामात एखादा राष्ट्रीय नियम आडवा येत असेल, तर त्यातून सूट देण्याची वाट त्याने लिहून ठेवली आणि अडचणी ऐकायला कायमची समिती नेमली.

या कागदांनाही मर्यादा आहेत. त्यांच्या मागे युरोपीय संघाचा पैसा आहे. आणि मार्च २०२० मध्ये साथ येताच जर्मनीने फ्रान्सच्या हद्दीवर तपासणी बसवली, तेव्हा रोज पलीकडे कामाला जाणाऱ्यांना जुन्या भिंती पुन्हा दिसल्या. फरक एवढाच की तक्रार कोणाकडे न्यायची हे त्यांना ठाऊक होते.

आमची गंमत उलटी आहे. आमच्या हद्दीवर पासपोर्ट नाही. उदगीरचा माणूस बिदरला आणि बिलोलीचा बोधन-निजामाबादला दवाखान्यासाठी, बाजारासाठी, सोयरिकीसाठी जातो. भैंशाच्या बाजारात मराठी आणि देगलूरच्या बाजारात तेलुगू ऐकू येते. माणसांचा शेजार शाबूत आहे, कागदावर तो नाही. १९७५ चा करार असो वा मेडिगड्डा, तुमडीहट्टी आणि चनाखा-कोरटा यांसाठी २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात झालेले करार असोत, सही करणारी राज्येच आहेत. देगलूर नगर परिषद किंवा बिदर नगरपालिका या कागदांत पात्र म्हणूनही येत नाही.

४. जायचे की राहायचे

याने काय बिघडले? २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर आणि पुन्हा २०२२ च्या अखेरीस नांदेडच्या सीमेवरच्या काही गावांतून 'आम्हाला तेलंगणात घाला' अशी मागणी आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये के. चंद्रशेखर राव यांनी नांदेडला सभा घेतली. मराठीतल्या बहुतेक प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. ही अस्मितेशी गद्दारी आहे, किंवा हे राजकारण आहे. त्या मागणीचे वाचन असे वरवर व्हायला नको होते.

बांधापलीकडच्या शेतकऱ्याला २०१८ पासून 'रयतु बंधू' योजनेत हंगामाला एकरी ४,००० रुपये, पुढे ५,००० रुपये मिळत होते. शेतीला चोवीस तास मोफत वीज होती. बांधाअलीकडचा हे रोज पाहत होता. त्याची मागणी भाषेची नव्हती. त्याचे घर, शाळा, सोयरे मराठीच होते. शेजाऱ्याशी तुलना करून आलेली ती तक्रार होती. पण तक्रार नेण्याचे ठिकाण नव्हते. दोन राज्यांचे जिल्हाधिकारी, पंचायत समित्या आणि नगर परिषदा ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात, असे काही असते तर ती तिथे गेली असती. ते नसल्यामुळे तिला वाटणीपत्राची भाषा घ्यावी लागली: या राज्यातून त्या राज्यात. शेजाराची भाषा जिथे लिहिलेली नसते तिथे हद्दीवरच्या माणसाकडे राहायचे किंवा जायचे एवढे दोनच शब्द उरतात.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांची कथा याच्या उलट बाजूने तेच सांगते. दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगत आली, म्हणून तिथे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे, दोन्हीकडची रेशनकार्डे. दोन्ही सरकारांचा लाभ एका घरात पोचला, तोही सहकार्यातून नव्हे, तंटा मिटला नाही म्हणून.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोज ऐकू येणारे हे गाव. आपल्या सीमाविषयक लेखनाने आता इकडेही पाहावे, अशी माझी अपेक्षा आहे. बेळगावचा दावा सोडा असे मी म्हणत नाही. पण दाव्याचे साहित्य आपण सत्तर वर्षे लिहिले. निजामाबाद, कामारेड्डी, निर्मल, बिदर, लातूर आणि नांदेड या सहा जिल्ह्यांच्या शेजाराचे लिहायचे राहिले आहे. त्याची सुरुवात १९५६ च्या कोऱ्या पानांपासून करता येईल: दोन विभागीय परिषदांची एक संयुक्त बैठक, मांजरेसाठी एक नदी मंडळ, बाभळीच्या समितीत दोन्ही काठांचा एकेक शेतकरी. आणि यापुढे या हद्दीचा कोणताही करार छापून आला की वाचकांनी त्यातले टीएमसीचे आकडे पाहण्याआधी शेवटचे पान उघडावे आणि खाली सह्या कोणाच्या आहेत ते बघावे.